वाचकांचे प्रश्न : कॅप्टन बियॉन्ड या बँडचे पुढे काय झाले?

गेल्या अंकातील हार्ड रॉकविषयीच्या लेखात कॅप्टन बियॉन्ड या अमेरिकी बँडचा उल्लेख अवघ्या एका वाक्यात आला होता. ‘पहिला अल्बम उत्तम, पण बँड टिकला नाही’ एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांवरून असे दिसते की, ते एक वाक्य अनेकांना अपुरे वाटले. पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : डीप पर्पल आणि आयर्न बटरफ्लाय यांसारख्या गाजलेल्या बँडमधील माणसे एकत्र आली, पहिला अल्बम जाणकार आजही नावाजतात, तरीही हा बँड दोन-अडीच वर्षांत कसा विरला?

उत्तर : या बँडमध्ये कोण कोठून आले, हे आधी पाहावे लागेल, कारण बँडचे बळ आणि त्याच्या अडचणी या दोन्हींचे मूळ तेथेच आहे. गायक रॉड इव्हान्स हा डीप पर्पलचा पहिला गायक. १९६८ साली त्याच्या आवाजातील ‘हश’ हे गाणे अमेरिकेत बिलबोर्ड या नियतकालिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते. मात्र डीप पर्पलला अधिक आक्रमक आणि उंच पट्टीत जाणारा गळा हवा होता. त्यामुळे १९६९ साली इव्हान्सच्या जागी इयन गिलन आला. बेसवादक ली डॉर्मन आणि गिटारवादक लॅरी राइनहार्ट हे आयर्न बटरफ्लायमधून आले. त्या बँडच्या ‘इन-अ-गड्डा-दा-विडा’ या सतरा मिनिटांच्या सुप्रसिद्ध गाण्यात बेस डॉर्मनचाच होता. राइनहार्ट मात्र १९७० साली, बँडची उतरती कळा सुरू झाल्यावर त्यात सामील झाला. चौथा बॉबी कॉल्डवेल हा ब्लूज गिटारवादक जॉनी विंटरच्या बँडचा ड्रमवादक. १९७१ साली लॉस एंजेलिसमध्ये हे लोक एकत्र आले. लुई गोल्ड नावाचा एक कीबोर्डवादकही सुरुवातीला त्यांच्याबरोबर होता, पण अल्बमचे ध्वनिमुद्रण होण्यापूर्वीच तो बाहेर पडला आणि बँड चौघांचाच राहिला.

कागदावर ही नावे भारदस्त दिसतात. पण १९७२ साली दुकानात जाऊन तबकडी विकत घेणाऱ्या श्रोत्याच्या दृष्टीने विचार केला, तर चित्र निराळे दिसते. त्याच वर्षी डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ हा अल्बम आला आणि डीप पर्पल म्हणजे गिलनचा आवाज हे समीकरण अमेरिकेत पक्के झाले. इव्हान्स तोवर विस्मरणात गेला होता. आयर्न बटरफ्लायचे गाणे सर्वांना पाठ होते, पण त्यातील बेसवादकाचे नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणजे या चौघांमागे बँडची कीर्ती होती, स्वतःच्या नावाची नव्हती. आणि मागची कीर्ती ज्याच्या नावावर जमा नाही, त्याला नव्या पाटीखाली शून्यापासूनच आरंभ करावा लागतो.

दुसरा मुद्दा ध्वनिमुद्रण कंपनीचा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक वजनदार आहे. कॅप्टन बियॉन्डचा करार कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्सशी झाला. फिल वॉल्डन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जॉर्जिया राज्यातील मेकन शहरात १९६९ साली सुरू केलेली ही कंपनी मुख्यतः ऑलमन ब्रदर्स बँडमुळे ओळखली जात होती. लॉस एंजेलिसच्या हार्ड रॉक बँडचा संबंध थेट दक्षिणेकडील मेकनशी कसा आला, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर राइनहार्टच्या जुन्या मैत्रीत सापडते. आयर्न बटरफ्लायमध्ये जाण्यापूर्वी तो फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे सेकंड कमिंग या बँडमध्ये वाजवत असे, आणि त्याच बँडमध्ये डिकी बेट्स व बेरी ओकली होते, जे पुढे ऑलमन ब्रदर्समध्ये गेले. ऑलमन ब्रदर्सचा गिटारवादक ड्वेन ऑलमन याच्याशी असलेल्या ओळखीमुळे बँडला दार उघडले. पण २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मेकनमध्येच मोटारसायकलच्या अपघातात ड्वेनचा मृत्यू झाला. कॅप्टन बियॉन्डचा पहिला अल्बम त्याच्याच स्मृतीला अर्पण केलेला आहे.

ओळखीने करार मिळाला खरा, पण त्या कंपनीचा श्रोतृवर्ग वेगळा होता. ब्लूजच्या पायावर उभे असलेले, मोकळेपणाने विस्तारत जाणारे दक्षिणी रॉक विकण्यात कॅप्रिकॉर्नचा हातखंडा होता. कॅप्टन बियॉन्डचे संगीत मात्र घट्ट विणलेले, अंतराळ आणि चंद्रसमुद्राची भाषा बोलणारे आणि लयीच्या गणितात रमणारे होते. असा बँड त्या कंपनीने कोणत्या गायकाबरोबर दौऱ्यावर पाठवावा, कोणत्या रेडिओ केंद्राकडे त्याची तबकडी न्यावी, याचा तयार रस्ताच तिच्याकडे नव्हता. त्यातच १९७२ साली कंपनीचे वितरण अटलांटिककडून वॉर्नर ब्रदर्सकडे गेले, आणि ड्वेनच्या मृत्यूनंतर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बेरी ओकलीही मोटारसायकलच्या अपघातात गेला. ज्या बँडवर कंपनी उभी होती, तोच बँड अशा संकटात असताना एका नवख्या आणि आडवळणाच्या बँडसाठी कोणी जिवाचे रान करील, अशी अपेक्षा ठेवणे अवघडच होते.

तिसरे कारण खुद्द संगीतात आहे. अल्बमचे पहिलेच गाणे पाच मात्रांच्या आवर्तनाने सुरू होते. कॉल्डवेलचे ड्रम आधी ती चाल मांडतात, मग गिटार आणि बेस एकाच ओळीने तीवर येऊन बसतात. चार मात्रांची सवय असलेला श्रोता पायाने ठेका धरू लागतो आणि प्रत्येक आवर्तनाला त्याचा पाय एका मात्रेने आधीच खाली येतो. दोन-तीन आवर्तनांनंतर त्याच्या लक्षात येते की, ही चूक वादकांची नाही. हे गाणे संपते असे वाटते तेव्हा दुसरे सुरू झालेले असते. दुसऱ्या बाजूला तर एक गाणे अर्धे सोडून मध्ये दुसरे गुंफले जाते आणि नंतर पहिल्याकडे परत यावे लागते. वेष्टनावर तेरा नावे छापलेली आहेत, पण सगळा ऐवज सुमारे पस्तीस मिनिटांचा आहे आणि त्याचे खरे एकक गाणे नसून तबकडीची एक बाजू हे आहे. एफएम केंद्रांवर लांब गाणी वाजवण्याची पद्धत तोवर रुळली होती, हे खरे. तरीही अमेरिकेतील मोठ्या जनसमुदायापर्यंत पोहोचायचे तर सुरुवात आणि शेवट असलेले तीन मिनिटांचे एक गाणे लागत असे, आणि या अल्बममधून तसे गाणे कापून काढणे म्हणजे विणलेल्या कापडातून एकच धागा ओढण्यासारखे होते.

या तीन अडचणी असूनही बँड कदाचित हळूहळू पुढे सरकला असता. १९७२ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे त्यांनी कार्यक्रम केला. (याच गावात काही महिन्यांपूर्वी डीप पर्पल ‘मशीन हेड’चे ध्वनिमुद्रण करून गेले होते; इव्हान्सच्या मनात तेव्हा काय आले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.) पण अल्बम बिलबोर्डच्या यादीत १३४ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही, आणि कॉल्डवेल बँड सोडून जॉनी विंटरच्या बँडमधील आपला जुना सहकारी रिक डेरिंजर याच्याकडे गेला. येथे खरा घाव बसला. अनेक बँडमध्ये ड्रमवादक बदलला तरी काम चालते. या बँडमध्ये गाण्यांचा सांगाडाच ड्रमवर रचलेला होता. गिटारची धून कोठे तुटावी, कोठे जोडली जावी हे कॉल्डवेलच्या हातावर ठरत असे. तो गेल्यावर उरलेले तिघे चांगले वादक राहिले, पण तोच बँड राहिले नाहीत.

प्रश्न : पहिल्या अल्बमवर सर्व गाण्यांचे रचनाकार म्हणून केवळ इव्हान्स आणि कॉल्डवेल यांचीच नावे आहेत. राइनहार्ट आणि डॉर्मन यांनी काहीच रचले नाही, असे समजायचे का?

उत्तर : तसे समजू नये. गाण्यांच्या जडणघडणीत चौघांचा वाटा होता. राइनहार्ट आणि डॉर्मन हे आयर्न बटरफ्लायच्या काळातील करारांनी बांधलेले असल्यामुळे त्यांची नावे रचनाकार म्हणून छापता आली नाहीत. गिटारच्या धुनी ऐकल्या तरी त्या गायकाने किंवा ड्रमवादकाने गिटारवादकाच्या हाती आयत्या दिल्या असतील, असे वाटत नाही.

ही बाब केवळ मानाची नसून पैशाची आहे, म्हणून थोडी फोड करून सांगतो. तबकडी विकली गेली की वादक-गायकांना दोन निरनिराळ्या वाटांनी पैसे मिळू शकतात. पहिली वाट ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीची. कंपनी बँडला आगाऊ रक्कम देते, स्टुडिओचा खर्च करते, आणि ही सगळी रक्कम बँडच्या वाट्याच्या रॉयल्टीतून वळती करून घेते. ती पूर्ण वसूल होईपर्यंत बँडच्या हाती या वाटेने एक पैसाही येत नाही. १३४ व्या क्रमांकावर थांबलेल्या अल्बमच्या बाबतीत ही वसुली सहसा पुरी होत नाही. दुसरी वाट रचनेच्या हक्काची. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने दर प्रतीमागे प्रत्येक गाण्याला दोन सेंट असा दर ठरवून दिला होता आणि तो १९७७ सालच्या अखेरीपर्यंत बदलला नाही. म्हणजे पन्नास हजार प्रती खपल्या, तर एका गाण्यामागे एक हजार डॉलर होतात, आणि तेही प्रकाशक व रचनाकार यांच्यात वाटले जातात. रक्कम मोठी नाही, पण ती आगाऊ रकमेतून वळती होत नसल्यामुळे अयशस्वी बँडच्या हाती प्रत्यक्षात पडणारी बहुधा हीच एक रक्कम असते.

ज्या बँडमध्ये चौघे जण सारखे राबतात आणि दोघांच्याच नावे पैसे जमा होतात, त्या बँडमध्ये आतून काय घडत असेल, हे कोणीही ओळखू शकेल. बँड केवळ याच कारणाने फुटला, असे माझे म्हणणे नाही. पण पैशाचा ओघ आटलेला असताना अशी विषम मांडणी कोणत्याही भागीदारीला पोषक नसते.

प्रश्न : हा बॉबी कॉल्डवेल म्हणजे १९७८ च्या त्या प्रसिद्ध प्रेमगीताचा गायकच का?

उत्तर : नाही. ‘व्हॉट यू वोन्ट डू फॉर लव्ह’ हे प्रेमगीत गाणारा तो सोल संगीताचा गायक वेगळा आणि हा ड्रमवादक वेगळा. दोघांची नावे तंतोतंत सारखी असल्यामुळे हा गोंधळ अनेक ठिकाणी छापूनही आलेला आहे. ड्रमवादक कॉल्डवेलने पुढे यार्डबर्ड्सचा पूर्वीचा गायक कीथ रेल्फ याच्याबरोबर आर्मागेडन हा बँड काढला. त्या बँडचा एकच अल्बम १९७५ साली आला आणि १९७६ च्या मे महिन्यात घरी गिटार वाजवताना विजेचा धक्का बसून रेल्फचा मृत्यू झाला. एकाच वादकाच्या वाट्याला असे दोन अल्पायुषी बँड आले.

प्रश्न : मी दोन्ही अल्बम ऐकले आहेत. माझ्या मते दुसरा अल्बम पहिल्याच्या तुलनेने फिका आहे, तरी यादीत तोच वर गेला असे वाचले. हे कसे काय?

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. ‘सफिशंटली ब्रेथलेस’ हा १९७३ चा दुसरा अल्बम बिलबोर्डच्या यादीत ९० व्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे पहिल्यापेक्षा ४४ स्थाने वर. मात्र यादीतील स्थान हे त्या-त्या आठवड्यातील विक्रीचे मोजमाप असते, गुणवत्तेचे नव्हे. पहिल्या अल्बमच्या वेळी बँडचे नाव कोणालाच माहीत नव्हते. दुसऱ्याच्या वेळी मधल्या वर्षभरात झालेले कार्यक्रम आणि पहिल्या अल्बमची तोंडी प्रसिद्धी यांचा आधार होता. दुसऱ्या अल्बमला मिळालेले यश बऱ्याच अंशी पहिल्याच्या पुण्याईचे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे कारण असे की, हा अल्बम कानाला अधिक सोपा आहे. ड्रमवर मार्टी रॉड्रिग्ज, तालवाद्यांवर गिये गार्सिया आणि कीबोर्डवर रीस वायनन्स असे नवे लोक आले. वायनन्स हाही जॅक्सनव्हिलच्या त्या सेकंड कमिंग बँडमधलाच, म्हणजे राइनहार्टचा जुना साथीदार. हाताने वाजवायच्या तालवाद्यांमुळे काही गाण्यांना लॅटिन संगीताचा रंग चढला, गिटारचा आवाज मृदू झाला, गाणी एकमेकांत न मिसळता सुटी उभी राहिली. रेडिओला हे मानवणारे होते. फिका हा आपला शब्द मला थोडा कठोर वाटतो. या अल्बममध्ये दोन-तीन गाणी फार देखणी आहेत आणि इव्हान्सचा आवाज त्यात पहिल्यापेक्षा अधिक खुलतो, कारण त्याचा गळा मुळात मध्यम पट्टीचा आणि मऊ होता. तरीही पहिल्या अल्बममधील ताण यात नाही. कॅप्टन बियॉन्ड हे नाव नसते, तर एक बरा अल्बम म्हणून आपण तो ऐकला असता.

ज्या कंपनीविषयी वर लिहिले, तिच्या दृष्टीने १९७३ हे वर्ष भरभराटीचे होते, हीही नोंद येथे करायला हवी. त्या वर्षी ऑलमन ब्रदर्सचा नवा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. घरात असे यश असताना ९० व्या क्रमांकाकडे कोणाचे लक्ष जाणार? कॉल्डवेल त्या वर्षीच्या कार्यक्रमांसाठी परत आला, आणि ऑक्टोबर महिन्यात टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. ते ऐकताना बँड मोडकळीस आला आहे, अशी शंकाही येत नाही. पण त्यानंतर लवकरच इव्हान्सने बँड सोडला आणि मूळ कॅप्टन बियॉन्ड तेथेच संपला.

प्रश्न : रॉड इव्हान्सने १९८० साली बनावट डीप पर्पल काढले, हे खरे आहे का? एवढ्या गुणी गायकाने असे का करावे?

उत्तर : घटना खरी आहे. डीप पर्पल १९७६ साली विसर्जित झाले होते. १९८० साली काही मंडळींनी इव्हान्सला पुढे करून त्याच नावाने मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडा येथे कार्यक्रम लावले. त्या संचात डीप पर्पलमध्ये पूर्वी असलेला इव्हान्स हा एकच जण होता, आणि प्रेक्षक ज्या गाण्यांसाठी तिकिटे काढून आले होते, ती बहुतेक गाणी तो बँडमधून गेल्यानंतरची होती. मूळ बँडच्या व्यवस्थापनाने न्यायालयात दावा दाखल केला. निकालात १ लाख ६८ हजार डॉलर नुकसानभरपाई आणि ५ लाख ४ हजार डॉलर दंडात्मक भरपाई, असे मिळून ६ लाख ७२ हजार डॉलर देण्याचा आदेश झाला. डीप पर्पलच्या पहिल्या तीन अल्बमवर इव्हान्सला तोवर मिळत असलेली रॉयल्टीही या प्रकरणात त्याच्या हातून गेली.

त्याने हे का केले, याचा खुलासा त्याने स्वतः जाहीरपणे केलेला नाही, आणि दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याचा दावा मी करणार नाही. मात्र घटनाक्रम बोलका आहे. पहिल्या बँडने त्याला वगळले आणि तोच बँड नंतर जगप्रसिद्ध झाला; दुसऱ्या बँडमध्ये त्याने आपले सर्वोत्तम काम केले आणि ते फारसे कोणी विकत घेतले नाही. अशा माणसापुढे सात वर्षांनी कोणी जुन्या नावाची पाटी धरली, तर मोह पडू शकतो. मोह समजण्याजोगा आहे म्हणून कृती समर्थनीय ठरत नाही, कारण फसवणूक शेवटी तिकीट काढणाऱ्यांची झाली. त्यानंतर इव्हान्स संगीतातून आणि सार्वजनिक जीवनातून पूर्णपणे बाजूला झाला. २०१६ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये डीप पर्पलच्या सदस्यांबरोबर त्याचाही समावेश झाला, पण समारंभाला तो आला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन यांच्या डबल ट्रबल या बँडबरोबर, रीस वायनन्सचा त्याच संस्थेत समावेश झाला होता. कॅप्टन बियॉन्ड या बँडला मात्र तेथे स्थान मिळालेले नाही.

प्रश्न : मला हा बँड पहिल्यांदाच ऐकायचा आहे. कोठून सुरुवात करावी? आणि पहिल्या अल्बमच्या जुन्या प्रतींना संग्राहक एवढी किंमत का देतात?

उत्तर : १९७२ च्या पहिल्या अल्बमपासून सुरुवात करावी आणि तो सलग ऐकावा. गाणी मागेपुढे करून ऐकण्याची सोय आज सगळीकडे असते. ती येथे वापरू नये, विशेषतः दुसरी बाजू मध्ये न थांबता ऐकावी. त्यानंतर आर्लिंग्टनचे ध्वनिमुद्रण घ्यावे, म्हणजे हीच रचना रंगमंचावर कशी वाजत होती ते कळेल. दुसरा अल्बम त्यानंतर. १९७७ साली वॉर्नरने काढलेल्या ‘डॉन एक्स्प्लोजन’मध्ये कॉल्डवेल, राइनहार्ट आणि डॉर्मन आहेत, पण गायक विली डॅफर्न आहे, तो शेवटी ऐकला तरी चालेल, आणि राहून गेला तरी फार बिघडणार नाही.

जुन्या प्रतींच्या किमतीचे कारण मुख्यतः मुखपृष्ठ आहे. पहिल्या अमेरिकी आवृत्तीच्या वेष्टनावर त्रिमितीय चित्र चिकटवलेले होते. या चित्रावर प्लास्टिकचा पातळ पत्रा असतो आणि त्यावर बारीक उभ्या धारा असतात. नख फिरवले तर त्या हाताला लागतात. या धारांमुळे प्रत्येक डोळ्याला चित्राची निराळी पट्टी दिसते आणि त्यामुळे खोलीचा भास होतो. असे वेष्टन करणे खर्चाचे काम असल्यामुळे नंतरच्या आवृत्त्यांना साधे छापील मुखपृष्ठ देण्यात आले. जुनी प्रत घेताना तबकडीइतकेच लक्ष या पत्र्याकडे द्यावे. कडा सुटलेल्या आहेत का, मधोमध फुगवटा आला आहे का, पृष्ठभागावर चरे आहेत का, हे उजेडात तिरपे धरून पाहावे. केवळ संगीत हवे असेल, तर साध्या मुखपृष्ठाची प्रत किंवा नंतरची सीडी घेण्यात काहीही कमीपणा नाही.